कालनिर्णयचं कव्हर

"वहिनी, गणपतीला येताना माझं ते पुस्तक आणाल का?" सांगलीहून धाकट्या जावेचा फोन होता. कुठलं पुस्तक, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. जावाजावा म्हणून इतकी वर्षं काढली, त्यात तिने मला एकच पुस्तक वाचायला दिलंय आणि ते बारा वर्षं माझ्याकडेच पडून आहे.

कपाटाच्या अगदी खालच्या खणात, जुन्या दिवाळी अंकांच्या मागे सापडलं. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'. मुखपृष्ठावर एक राखाडी टाय, बाकी काही नाही. दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर तिने घेतलेली चोरटी प्रत. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे डोकावतात. उघडलं आणि बघतच राहिले. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा. एक-दोन नव्हेत, पानापानावर. 'पुन.', 'पुन.', परत 'पुन.' म्हणजे पुनरुक्ती. कुठे उभी रेघ, कुठे प्रश्नचिन्ह, एके ठिकाणी तर चक्क 'कोण बोलतंय?' दुसरीची कादंबरी मी प्रुफासारखी वाचली होती आणि तशीच कपाटात टाकली होती. खुणा एकशे बाराव्या पानावर संपतात. पुढचं पुस्तक कोरं.

माझा धंदाच तो. गेली पस्तीस वर्षं मी पुण्यात मुद्रितशोधन करते. लग्नपत्रिका आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, लग्न कोणाचं ते मग. हातात पेन्सिल नसली की वाचल्यासारखंच वाटत नाही. पण पुस्तक आता परत करायचं होतं आणि अशा अवस्थेत करता येणार नव्हतं. नातवाच्या कंपासपेटीतून खोडरबर घेतलं आणि जेवणं आटोपल्यावर टेबलाशी बसले.

पहिल्या काही पानांतच सगळं आठवलं. नायिका एकवीस वर्षांची, कॉलेजचं शेवटचं वर्ष. नायक सत्तावीस वर्षांचा आणि अब्जाधीश. इतक्या लवकर तो इतका श्रीमंत झाला कसा, हे विचारायचं नाही. ती सारखी खालचा ओठ चावते. त्याचे डोळे राखाडी आहेत, हे आपण विसरू म्हणून लेखिका पुन्हा पुन्हा सांगते. नायिकेच्या आत एक देवी वस्तीला आहे आणि मनासारखं झालं की ती नाचायला लागते. आमच्याकडे अंगात येतं, तिच्याकडे बहुधा कायमच आलेलं असतं. पहिल्यांदा देवी आली तेव्हा मला गंमत वाटली. मग मी 'पुन.' लिहायला लागले.

नायिका हार्डवेअरच्या दुकानात काम करते. एके दिवशी नायक तिथे येऊन दोरी, चिकटपट्टी आणि केबल-टाय घेतो. वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी अपेक्षा असणार. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दिरांची यादी आली. भाद्रपदात मखर बांधायला ते दरवर्षी नेमकं हेच सामान आणतात.

आवड हा शब्द आपण फार भोळेपणाने वापरतो, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. बारा वर्षांपूर्वी वाटत नव्हतं. तेव्हा माझी खात्री होती की हे पुस्तक वाईट आहे, मला वाईट लेखन कळतं आणि ज्यांना ते आवडतं त्यांना कळत नाही. शिवाय मी काही सोवळी नाही, असंही मी सगळ्यांना सांगत असे. शृंगाराला माझी हरकत नाही, हरकत आहे ती गचाळ वाक्यांना. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं असेल की त्याच्यापुढेच कोणीतरी 'पुन.' लिहायला हवं होतं.

त्यातून सापडली ती दुप्पट सोळा पानं. चोरट्या प्रतीत एक फर्मा चुकून दोनदा बांधला गेला होता. सोळा पानं संपली की तीच सोळा पुन्हा सुरू. अशी चूक सापडली की आमच्यासारख्यांना धनलाभ झाल्याचा आनंद होतो. मी लगेच सांगलीला फोन लावला. "अगं, तुझ्या पुस्तकात सोळा पानं दोनदा आलीत, तुला कळलंसुद्धा नाही?" पुस्तकाची लायकी यातच आली, असं काहीतरी पुढे बोलण्याच्या मी बेतात होते.

"कळलं की," ती म्हणाली. "मी दोनदा वाचली."

यावर काय बोलायचं असतं?

ते पुस्तक जगभर कसं पसरलं, ही गोष्ट पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा मला जास्त रंजक वाटते. ई. एल. जेम्स ही लंडनची बाई. टीव्हीच्या क्षेत्रात नोकरी, दोन मुलगे, वय पंचेचाळिशीच्या पुढे. 'ट्वायलाइट' या स्टेफनी मायरच्या व्हॅम्पायरी प्रेमकथेने तिला झपाटलं आणि त्यातलीच पात्रं घेऊन तिने इंटरनेटवर टोपणनावाने हप्त्याहप्त्याने आपली गोष्ट लिहिली. मग पात्रांची नावं बदलली, व्हॅम्पायर काढून अब्जाधीश घातला आणि २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रकाशनाने ते ई-बुक म्हणून आणि मागणी येईल तसं छापून बाजारात आणलं. (नावं बदलताना एखादं जुनं नाव कुठे राहून गेलंय का, हे मी डोळ्यांत तेल घालून शोधलं होतं. मी वाचलं तिथवर तरी नाही. माझ्यासारखीच कोणीतरी तिथेही बसलेली असणार.) २०१२ मध्ये रँडम हाउससारख्या बड्या प्रकाशनसंस्थेने हक्क घेतले आणि त्यानंतर जे झालं त्याला तोड नाही. २०१४ पर्यंत तीन भाग मिळून १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०१२ च्या डिसेंबरातच रँडम हाउसने अमेरिकेतल्या आपल्या कर्मचाऱ्यांना, वरिष्ठ संपादकांपासून गोदामातल्या माणसांपर्यंत, प्रत्येकी ५,००० डॉलर बोनस दिला. ही बातमी वाचली तेव्हा मी एका कवितासंग्रहाचं तिसरं प्रूफ तपासत होते. त्या संग्रहाची आवृत्ती पाचशे प्रतींची होती.

सलमान रश्दींनी सांगितलं, इतकं वाईट लिहिलेलं आणि तरीही छापलं गेलेलं पुस्तक आपण कधी वाचलं नाही. मला गुदगुल्या झाल्या. रश्दी आणि मी एका पंक्तीला! पुढे २०१६ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी शहरातल्या ऑक्सफॅमच्या दुकानात लोकांनी दान दिलेल्या प्रती इतक्या साठल्या की तिथल्या लोकांनी त्यांचा किल्ला रचला आणि आता कृपा करून आणखी देऊ नका, अशी विनंती केली. त्या किल्ल्याचा फोटो मी जावेला पाठवला होता. तिने उत्तरात हसणारं तोंड पाठवलं, एकच. आपल्याकडे पुस्तकं दुकानांत राजरोस मिळत होती, पण २०१५ मध्ये निघालेल्या सिनेमाला सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं. वाचलेलं चालतं, बघितलेलं चालत नाही, हा आपला जुनाच न्याय. वाचणाऱ्याच्या डोक्यात काय दिसतंय ते शेजारच्याला दिसत नाही ना.

खरं तर या गोष्टीत नवं काहीच नव्हतं. १७४० मध्ये लंडनमध्ये 'पामेला' नावाची कादंबरी आली. श्रीमंत, बेबंद मालक. त्याच्या घरातली गरीब मोलकरीण. तो तिच्या मागे लागतो, ती त्याला दाद देत नाही, शेवटी तो सुधारतो आणि लग्न होतं. वर्षभरात आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. लिहिणारा सॅम्युअल रिचर्डसन पेशाने मुद्रक होता, म्हणजे आमच्याच जातीचा. ती कादंबरी पत्रांची, तर इथे नायक-नायिका एकमेकांना ई-मेल पाठवतात. आणि चाबूक, बेड्या, सह्यांचे करार वगैरे सगळं झाल्यावर जेम्सबाईंच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीपर्यंत काय होतं? लग्न, मोठं घर, एक मुलगा, आणि दुसऱ्या बाळाची चाहूल. माझ्या सासूबाईंनासुद्धा शेवट पसंत पडला असता.

नवं नव्हतं, तर मला इतका राग कसला आला होता? यासाठी साताऱ्याच्या घरात जावं लागेल.

माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. बाहेरच्या खोलीत त्यांचं काचेचं कपाट होतं. त्यात मधल्या फळीवर स. आ. जोगळेकरांची 'गाथासप्तशती'. १९५६ ची, जाडजूड. हाल राजाने जमवलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. त्यांत काय आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. शेतात, नदीकाठी, परसात चोरून भेटणारी माणसं. रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सासू कुठे झोपते आणि मी कुठे झोपते हे साळसूदपणे सांगून ठेवणारी बाई. संकोच नाही, शिक्षा नाही, शेवटी लग्नही नाही. पण त्या ग्रंथाला कव्हर नव्हतं. पाहुणे आले की वडील तो काढून दाखवायचे. दिवाळीत 'आवाज' यायचा, त्यातली खिडकीचित्रं उघडून वडील आणि त्यांचे मित्र मोठमोठ्याने हसायचे. खिडकीत भलतंच काही दिसायचं, पान उलटलं की भलतंच निघायचं. आम्हा मुलींना तो अंक हातात मिळायचा नाही, पण हसणं सगळ्या वाड्याला ऐकू जायचं.

आईची पुस्तकं वेगळी होती. तिने चिठ्ठी द्यायची आणि मी वाचनालयात जायचं. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नसायचं, नुसता नंबर. काउंटरवरचे काका तो वाचून मान न उचलता टेबलाखालच्या खणातून पुस्तक काढायचे आणि पिशवीत घालून द्यायचे. घरी आलं की आई पहिलं काम काय करायची, तर कव्हर. मागच्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान काढून, कोपरे दुमडून, खळ लावून. कालनिर्णय निघायला लागून पाचेक वर्षं झाली असतील. कागद छान, आकार नेमका. त्यामुळे मला आईची पुस्तकं आठवतात ती तारखांची. पुढे संकष्टी, चंद्रोदयाची वेळ, मागे एकादशी. दुपारी दोन ते चार, ओटा आवरून झाल्यावर, माजघरात भिंतीला टेकून ती ती संकष्टी वाचायची. त्या दोन तासांत तिला हाक मारलेली चालायची नाही. एरवी चोवीस तास ती हाकेला ओ देणारी.

एकदा ती झोपली असताना मी कव्हर उचकटून बघितलं. आत चंद्रकांत काकोडकर होते.

काकोडकरांचं नाव आता किती जणांना माहीत असेल कोण जाणे. एके काळी वाचनालयांची हजेरी त्यांच्यावर चालायची. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही गोष्ट आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. पुण्याच्या कोर्टात निर्दोष, हायकोर्टात दोषी, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टात परत निर्दोष. समाजाच्या कल्पना बदलत चालल्यात, तरुणांच्या हाती तऱ्हेतऱ्हेचं वाङ्मय पडतंच आहे, आणि लेखन पारखायचं ते सबंध वाचून, असा तो निकाल. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून काढलेला 'दो रास्ते' आला आणि थिएटरं भरून गेली. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला सोडलं होतं, राजेश खन्नाने त्याला घरोघर नेलं होतं, आणि त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी साताऱ्यात माझी आई त्याच लेखकाला संकष्टीत गुंडाळत होती. काकोडकरांची ती पुस्तकं मी पुढे वाचली. वडिलांच्या कपाटातल्या गाथांपुढे ती शाळकरी आहेत. नायिका आरक्त होते, दिवा मालवतो, तीन टिंबं येतात, प्रकरण संपतं. (या टिंबांवर माझी हयात गेली. लेखक चार देतो, पाच देतो. मी तीन करते. मराठी शृंगाराला मी आजवर किती टिंबांनी आवर घातला असेल, हिशेब नाही.)

धीट पुस्तक काचेआड दिमाखात, सौम्य पुस्तक कव्हरात. मी काचेच्या बाजूची झाले. मुलगी हुशार आहे, तिला चांगलं-वाईट कळतं, असं वडील कौतुकाने म्हणायचे, आणि ते वाक्य कानावर पडावं म्हणून मी आईच्या पुस्तकांना नाक मुरडायला शिकले. आईला ते दिसत होतं. ती काही बोलली नाही. नंतर नंतर तिने मला वाचनालयात पाठवणंच सोडलं, स्वतः जायला लागली.

२०१३ च्या दिवाळीत सांगलीच्या स्वयंपाकघरात जावेने हे पुस्तक माझ्या हातात ठेवलं तेव्हा मला ते आधीच माहीत होतं, नावाने, बदनामीने. मी हसले. "हे कसलं वाचतेस?"

ती चकल्या तळत होती. सहकारी बँकेत काउंटरला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिने झारा निथळत ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, आयुष्यात मी सुरू करून संपवलेलं हे पहिलं इंग्रजी पुस्तक आहे. डिक्शनरी नाही, काही नाही. सोपं लिहिलंय हो. एखादा शब्द इथे नाही कळला तर दोन पानांनी परत येतो, मग कळतो."

त्या दिवाळीत मला याचा अर्थ लागला नव्हता. माझ्या समासातला प्रत्येक 'पुन.' हा तिच्यासाठी जिन्याचा कठडा होता, हे मला पुढे कधीतरी, एका कीर्तनात बसले असताना ध्यानात आलं. बुवा पालुपदावर परत येत होते आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या नेमक्या तिथेच सूर धरत होत्या. पालुपदाला 'पुन.' म्हणण्याचं धाडस मी केलं नसतं. अर्थात म्हणून जेम्सबाईंची वाक्यं चांगली ठरत नाहीत. आजही मला ती गचाळच वाटतात, आणि या मुद्द्यावर मी जावेशी भांडू शकते.

मी तिला त्या नायकाबद्दलही छेडलं होतं. तो मुलीच्या मोबाइलवरून ती कुठे आहे ते शोधून काढतो, काय खायचं, किती झोपायचं, कोणाकडे जायचं हे कागदावर लिहून सही मागतो. तिकडेही या पुस्तकावर बायकांनी खूप टीका केली होती. जी माणसं खरोखर परस्परसंमतीने तसले खेळ खेळतात, त्यांनीही हे आमचं चित्र नव्हे असं सांगितलं होतं. "असला माणूस तुला बरा वाटतो?" मी विचारलं.

"खरा भेटला तर चपलेनं मारीन," ती म्हणाली. "पुस्तकातला आहे तो. मिटलं की गेला."

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. ती गॅस बारीक करून गेली. त्या तेव्हा सहा वर्षं अंथरुणावर होत्या. दोन्ही मुलांची आई ती, पण राहायच्या सांगलीत, धाकट्याकडे, कारण आम्ही पुण्यात, आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, माझं काम घरून चालणारं आणि शांतता लागणारं. हे सगळं खरं होतं. चकल्या करपायला लागल्या तेव्हा मी उठून काढल्या.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन बाईंचं १९८४ चं एक पुस्तक आहे, प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांवरचं. त्यांनी एका गावातल्या बायकांना, ज्या ढिगाने अशा कादंबऱ्या विकत घेत, नुसतं विचारलं की तुम्ही हे का वाचता. आमच्याकडच्या समीक्षकांना हे कधी सुचलं नसतं. उत्तर असं निघालं की वाचण्याइतकंच वाचायला बसणंही महत्त्वाचं: पुस्तक तोंडापुढे धरलं की घरच्यांना कळतं, आता हिला हाक मारायची नाही. आणि दुसरं असं की दिवसभर दुसऱ्यांची उस्तवार करणाऱ्या त्या बायकांना अशा गोष्टी हव्या असत, ज्यांत कोणीतरी नायिकेची उस्तवार करतं. उघड्यावाघड्या वर्णनांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. हे मी वाचलं आणि पहिल्यांदा आठवली ती आई, दुपारी दोन ते चार. जाऊ आठवली नाही. ती परवा रात्री आठवली.

खोडत खोडत मी त्या जोडफर्म्यापाशी आले. बारा वर्षांपूर्वी मी पहिल्या पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फर्मा दुबार!' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ते खोडायला जोर लावावा लागला. आणि मग, त्या सोळा पानांत काय आहे, हे मी पहिल्यांदा नीट वाचलं. फोन करायच्या घाईत तेव्हा फक्त पृष्ठांक बघितले होते.

नायिका मैत्रिणीबरोबर बारमध्ये जाते, तिला दारू चढते, तिथून ती त्याला फोन करते. तो येतो. ती ओकते. तो तिचे केस मागे धरून उभा राहतो. सकाळी तिला जाग येते तेव्हा उशाशी संत्र्याचा रस आणि डोकेदुखीच्या दोन गोळ्या ठेवलेल्या. मग न्याहारी, आणि सगळं खा म्हणून त्याचा हट्ट. बस्स. दोरी नाही, चिकटपट्टी नाही. ज्या पुस्तकाला जगभरच्या वर्तमानपत्रांनी चावट ठरवलं, त्यातली जावेने दोनदा वाचलेली पानं ही अशी: ओकारी झाल्यावर केस धरणं, औषध देणं आणि खायला घालणं.

सांगलीच्या त्या आतल्या खोलीत उशाशी एक निळी बादली असायची. दिवाळीचे चार दिवस मी ती बघत असे.

मी दोन्ही फर्म्यांवरच्या खुणा काढल्या. दुसऱ्या फर्म्यावर मी पहिल्यापेक्षा जास्त खुणा केल्या होत्या, तीच वाक्यं असून. मग पुढे. शंभर, एकशे पाच. एकशे बारा. इथे माझी पेन्सिल थांबलेली. भाषेला कंटाळून मी पुस्तक सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. पान पुढे वाचून पाहिलं. त्या दोघांचा पहिला 'तो' प्रसंग इथे सुरू होतो. एकशे तेराव्या पानाचा कोपरा किंचित दुमडलेला होता, आणि पुढेही काही पानांचा. भाषा आधीसारखीच. ओठ आहे, राखाडी डोळे आहेत, देवीही आहे. समास मात्र स्वच्छ. एकही 'पुन.' नाही.

ते कोपरे जावेने दुमडले की मी, हे मला आठवत नाही, असं म्हणते.

रबराचा चुरा मांडीवर पडला होता, तो झटकला. साडेबारा वाजून गेले होते. जुन्या सवयीने पेन्सिल हाताशी होती, ती कंपासपेटीत टाकली. कालनिर्णयचं मागच्या वर्षीचं पान कपाटात सापडलं, भाद्रपदाचंच. कोपरे दुमडून पुस्तकाला चढवलं. प्रवासात टाय चुरगळू नये, एवढ्यासाठी.

सकाळी जावेचा परत फोन. मोदकांच्या पिठीचं विचारायचं होतं. ते झाल्यावर ती म्हणाली, "पुस्तक सापडलं का?"

"सापडलं. मीच त्यात रेघोट्या मारून ठेवल्या होत्या, त्या खोडतेय."

"अहो, असू द्यात की. झाल्या का खोडून?"

"थोडं राहिलंय," मी म्हणाले.

"किती?"

पुस्तक समोरच होतं. बोट एकशे चाळिसाव्या पानात होतं.

"बरंच राहिलंय," मी म्हणाले. "गणपतीपर्यंत होईल."